वाऱ्याचे भाडे : 'एसी की नॉन-एसी?' या प्रश्नाचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/ उन्हाळ्याची सुटी जवळ आली की मित्रमंडळींत एक वाद हमखास झडतो. मालवण, गुहागर की गोवा, हे लवकर ठरते. अडते ते खोलीवर. एसी की नॉन-एसी? एक पक्ष म्हणतो, मे महिन्यात एसीवाचून झोप लागणे अशक्य. दुसरा विचारतो, समुद्रकाठी जाऊन दारेखिडक्या बंद करून बसायचे असेल, तर घरीच का थांबू नये? हा वाद आपल्याला अगदी आजचा वाटतो. परंतु उष्ण प्रदेशातील मुक्कामी गारवा कुठून आणायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न दोनशे वर्षे तरी जुना आहे. हा थ्रेड त्याविषयी.

२/ इतिहासाकडे वळण्यापूर्वी शरीराची एक गोष्ट ध्यानात घेऊ. मनुष्य उन्हाळ्यात थंड राहतो तो मुख्यतः घाम वाळल्यामुळे. नागपूरला पारा ४५ अंशांवर गेला तरी कोरड्या हवेत घाम चटकन वाळतो. किनाऱ्यावर पारा पुष्कळ खाली असतो, परंतु हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्यामुळे घाम अंगावरच राहतो. म्हणून विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडले की आतली खोली गार होते; तोच प्रयोग कोकणात केला तर केवळ ओल वाढते. कोरड्या मुलखाला पाणी हवे, दमट मुलखाला वारा. पुढचा सारा इतिहास या एका भेदाभोवती फिरतो.

३/ मुंबई इलाख्यातील इंग्रज अधिकाऱ्यांनी या प्रश्नावर काढलेला पहिला तोडगा सरळ होता : गारवा आपल्याकडे येत नसेल, तर आपण गारव्याकडे जावे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वर हे हवा खाण्याचे ठिकाण म्हणून उभे राहिले; तिथल्या पेठेला मालकमपेठ हे नाव पडले ते त्यांच्यावरूनच. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या पठारावर पोहोचले. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. हिशेब सोपा होता.

४/ उन्हाळ्यात इलाख्याचे सरकारच महाबळेश्वरी मुक्कामाला जाऊ लागले. परंतु हा गारवाही फुकट नव्हता. माथेरानची छोटी गाडी सुरू झाली १९०७ मध्ये. तोवर डोंगर चढणारे पाहुणे तट्टावर किंवा पालखीत बसत, आणि पालखी कुणाच्या तरी खांद्यावर असे. पाहुण्याला वर गार वारा लागे; त्याला वर नेणारा घामाने निथळत असे. ही विभागणी लक्षात ठेवावी. ती पुढे वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

५/ दुसरा तोडगा याच्या नेमका उलट : गारवाच जहाजात भरून आणणे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाच्या जहाजातून १८० टन नैसर्गिक बर्फ कलकत्त्याला रवाना केला. गोठलेल्या तळ्यांतून कापलेल्या या लाद्या भुशात गुंडाळल्या होत्या. चार महिन्यांचा प्रवास आणि दोनदा विषुववृत्त ओलांडूनही सप्टेंबरमध्ये सुमारे १०० टन बर्फ शाबूत उतरला! लवकरच मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला व त्यासाठी बर्फगृहे बांधली गेली. मद्रासचे बर्फगृह आजही उभे आहे. पुढे स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तिथे घडल्यामुळे ते आता त्यांच्या नावाने ओळखले जाते.

६/ या बर्फाने पाणी गार झाले, मद्य गार झाले, तापाने फणफणलेल्या रोग्याच्या कपाळावर पट्टी ठेवता आली. परंतु खोली गार झाली नाही. समुद्रापलीकडून आलेली लादी खोलीत वितळू द्यावी, एवढी चैन परवडणारे अगदी थोडे. १८८० च्या सुमारास इथेच यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि अमेरिकी बर्फाचा व्यापार विरून गेला. खोलीतल्या माणसाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याचे उत्तर छताला टांगलेले होते.

७/ ते उत्तर म्हणजे झुलता पंखा. लाकडी चौकट, तिला लावलेली कापडाची झालर, चौकटीला बांधलेली दोरी, आणि भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात गेलेले त्या दोरीचे टोक. ते टोक हाती धरून एक मनुष्य तासन्‌तास बसलेला असे. साहेबाचा बंगला, कचेरी, न्यायालय, भोजनगृह, प्रवाशांचा डाक बंगला, जिथे जिथे 'आराम' अपेक्षित होता तिथे तिथे दोरीच्या दुसऱ्या टोकाला तो असेच. जुन्या छायाचित्रांत तो कधी भिंतीला टेकलेला दिसतो, तर कधी आडवा पडून पायाने दोरी ओढताना.

८/ या व्यवस्थेची खरी कसोटी रात्री लागे. पाहुण्याला झोप यावी म्हणून ओढणाऱ्याने जागे राहायचे, हा त्या नोकरीचा अर्थ. त्याला डुलकी लागली की पंखा थांबे. पंखा थांबला की आतला मनुष्य घामाघूम होऊन जागा होई. मग शिवी, पाण्याचा मारा, बुटाची लाथ. इंग्रजांच्या आठवणींत आणि प्रवासवर्णनांत हे प्रसंग पुष्कळदा विनोद म्हणून येतात. मारणाऱ्याच्या लेखी तो विनोदच होता.

९/ मार खाणाऱ्याच्या लेखी तो कधी कधी मृत्यू ठरे. गोऱ्या शिपायांच्या वा मालकांच्या मारहाणीत पंखा ओढणारे दगावल्याची प्रकरणे न्यायालयांपुढे येत. हिवतापाने प्लीहा वाढलेली होती, ती फुटून मृत्यू आला, असा बचाव अशा खटल्यांत वारंवार होई आणि आरोपी किरकोळ शिक्षेवर किंवा निर्दोष सुटे. या प्रकारांनी व्हाइसरॉय कर्झनही अस्वस्थ झाला होता, यावरून त्यांचे प्रमाण ध्यानात यावे. एका खोलीतल्या झुळकेचा हा हिशेब. मुक्कामाच्या बिलात त्याची नोंद कधीच नसे.

१०/ आता मुंबईत येऊ. १६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदराशेजारी जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा; वैद्यांच्या निधनानंतर काम पूर्ण केले डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. शहराला वीजपुरवठा सुरू झाला १९०५ मध्ये. त्याच्या दोन वर्षे आधीच ताजमध्ये विजेचे दिवे होते, उद्वाहक होते आणि अमेरिकी बनावटीचे विजेचे पंखे होते. दोरीच्या टोकाशी बसलेला मनुष्य इथे नाहीसा झाला. त्याच्या जागी तार आली.

११/ ताजच्या आरंभीच्या दरांविषयी नेहमी सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. साध्या खोलीचे भाडे कमी. पंखा आणि स्वतंत्र स्नानगृह असलेल्या खोलीचे अधिक. मित्रहो, ती खरी असेल, तर 'एसी/नॉन-एसी' या पाटीची आजी ती हीच! एसी या देशात यायला अजून तीन दशके होती, परंतु मग गारव्याचे वेगळे भाडे आकारण्याची पद्धत त्याआधीचीच ठरते. यंत्र बदलले, फरकाची रक्कम बदलली, पाहुण्यापुढचा प्रश्न तोच राहिला : ते वरचे पैसे द्यायचे की नाही?

१२/ ताजविषयी एक दंतकथा आपण सर्वांनी ऐकली आहे. इमारत चुकून उलटी बांधली गेली, दर्शनी बाजू समुद्राकडे यायची ती शहराकडे गेली, आणि ते पाहून वास्तुविशारदाने आत्महत्या केली, अशी. तिला आधार नाही. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने ठेवला होता, कारण पाहुण्यांच्या घोडागाड्या तिकडून येत. दोन पंख पसरून शहराकडे उघडणाऱ्या त्या रचनेचे आणखी एक स्पष्टीकरण दिले जाते, आणि ते वाऱ्याशी संबंधित आहे.

१३/ नकाशा डोळ्यांपुढे आणा. ताजसमोरचे बंदर मुंबईच्या पूर्वेला आहे. दुपारचा खारा वारा येतो पश्चिमेच्या अरबी समुद्रावरून. म्हणजे देखावा एकीकडे आणि वारा दुसरीकडे. पश्चिमेला उघडणारी इमारत हा वारा कवेत घेऊ शकते. किनाऱ्यावरची खोली निवडणाऱ्याला यातून एक धडा मिळतो. 'सी-व्ह्यू' म्हणजे 'सी-ब्रीझ' नव्हे. खिडकीतून समुद्र दिसतो एवढ्यावरून खिडकीतून वारा येईलच, असे होत नाही.

१४/ त्या काळच्या पाहुण्यांकडे आणखी एक उपाय होता. तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. तो म्हणजे पंचांग. युरोप-अमेरिकेतले हौशी प्रवासी हिंदुस्थानात हिवाळ्यात येत. मार्क ट्वेन मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरला तो १८९६ च्या जानेवारीत. ताजचे दार उघडले तेही डिसेंबरात. पंख्याच्या युगातला प्रवासी आधी महिना निवडी, मग खोली. महिना कोणताही असो, खोली सारखीच गार असावी, ही अपेक्षा पुढे यंत्राने निर्माण केली.

१५/ ते यंत्र माणसासाठी जन्मलेच नव्हते. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्याची अडचण होती : दमट हवेने कागद फुगे-आकसे आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. म्हणजे एसीचा पहिला पाहुणा कागद होता, आणि पहिला शत्रू उष्णता नसून दमटपणा होता. दुसऱ्या पोस्टमधला भेद आठवा. किनाऱ्यावर एसीने जे सुख वाटते, त्यात थंडाव्याइतकाच वाटा हवेतून काढून घेतलेल्या पाण्याचा असतो. मागच्या नळीतून ठिबकणारे पाणी ते हेच.

१६/ मुंबईकरांना हा नवा गारवा प्रथम अनुभवायला मिळाला तो चित्रपटगृहात. कुलाब्याचे रीगल १९३३ मध्ये उघडले. भारतातले पहिले वातानुकूलित चित्रपटगृह म्हणून त्याचा उल्लेख होतो. पुढच्याच वर्षी मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला गार डबा जोडला गेला. त्याची युक्ती जुन्या-नव्याचे मिश्रण होती : डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या, आणि त्यांवरून हवा आत ढकलणारा पंखा. बर्फ वितळला की वाटेतल्या स्थानकांवर पुन्हा भरायचा. ट्यूडरची लादी आणि ताजचा पंखा इथे एकाच गाडीत बसले होते.

१७/ स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये, टाटा आणि फोलकार्ट यांच्या भागीदारीतून व्होल्टास उभी राहिली; खिडकीत बसणारी यंत्रे हळूहळू कचेऱ्यांत आणि हॉटेलांत दिसू लागली. इथे एका आक्षेपाची दखल घेणे न्याय्य ठरेल. एसी म्हणजे निव्वळ चैन, हे खरे नाही. सिंगापूरचे ली कुआन यू आपल्या देशाच्या यशाचे मोठे श्रेय एसीला देत. पंतप्रधान झाल्यावर सरकारी कचेऱ्यांत एसी बसवणे हे आपल्या पहिल्या कामांपैकी एक होते, असे ते सांगत. विषुववृत्तालगतच्या दमट हवेत दिवसभर डोके चालवायचे असेल, तर त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकता येत नाही.

१८/ परंतु यंत्राबरोबर इमारतीही बदलल्या, आणि माझ्या मते या इतिहासातला कळीचा मुद्दा इथे आहे. यंत्राआधीची इमारत हीच एक गारव्याची योजना होती. कोकणातले जुने घर पाहा : जांभ्याच्या जाड भिंती, उतरते छप्पर, फटींतून श्वास घेणारी कौले, वरची उष्णता वरच अडवणारा माळा, ऊन भिंतीपर्यंत पोहोचू न देणारी पडवी. आणि मे महिन्याच्या रात्री निजायला सारवलेले खळे. गोव्यातल्या जुन्या घरांतही उंच छते आणि दाराबाहेरचा सावलीचा बलकांव हेच काम करीत. डाक बंगल्यांनी सभोवतालचा व्हरांडा घेतला तो याच समजुतीतून.

१९/ एसी आल्यावर बांधणाऱ्याची या साऱ्यातून सुटका झाली. छत खाली आले, पडवी खोलीत सामावली, कौलांच्या जागी काँक्रीटची स्लॅब आली, समोरासमोरच्या खिडक्या जाऊन एकीकडे सरकती काच उरली. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडत राहते. अशा खोलीत एसी लागतो, यात शंका नाही. परंतु तिथे तो हवामानाची गरज कमी आणि इमारतीची गरज अधिक असतो. वाऱ्याची वाट आधी बंद केली गेली, आणि मग वाऱ्याचे भाडे बिलात आले.

२०/ याला अपवाद ठरलेले वास्तुविशारदही आपल्याकडे होऊन गेले. चार्ल्स कोरिया यांच्यापुढे मुंबईत तोच पेच होता. चांगला देखावा आणि वारा पश्चिमेला. परंतु दुपारचे कडक ऊन आणि पावसाचा झोडपाही पश्चिमेकडूनच. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या कांचनजंगा या उंच इमारतीत घरे पूर्व-पश्चिम आरपार आहेत, आणि कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या आहेत. ती खरे तर जुन्या बंगल्याची पडवीच, आकाशात नेऊन ठेवलेली. केरळातल्या कोवळमचे त्यांचे समुद्रकाठचे हॉटेलही टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. यंत्राच्या युगातही वारा विचारात घेऊन बांधता येते, याचा हा पुरावा.

२१/ मग आपल्या मूळ वादाचा निकाल काय? जुन्या घरांचे गुणगान करून एसीला नावे ठेवणे सोपे आहे, परंतु ते अर्धसत्य ठरेल. खारा वारा दिवसाचा असतो. दुपारी जमीन तापते म्हणून समुद्रावरची हवा आत धावते. सूर्य मावळला की ती ओढ संपते आणि रात्री वारा पडतो. जाहिरातीतले छायाचित्र दुपारचे असते, झोपायचे मात्र रात्री असते. मे महिन्याच्या उत्तरार्धात, पावसाआधीच्या कुंद रात्री, वारा नसेल तर पंखा तीच दमट हवा फिरवत राहतो. सोबत तान्हे मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर अशा रात्री एसीची खोली बेलाशक घ्यावी. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही.

२२/ एरवी मात्र 'एसी आहे का?' हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे : खिडक्या समोरासमोर आहेत का? त्यांना डासांची जाळी आहे का, की रात्री त्या बंदच ठेवाव्या लागतील? खोली थेट स्लॅबखाली आहे, की वर माळा वा आणखी मजला आहे? पश्चिमेच्या भिंतीवर सावली आहे का? वीज गेली तर ही खोली राहण्याजोगी उरते का? या प्रश्नांची उत्तरे चांगली असतील, तर डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावर एसीचे भाडे देणे व्यर्थ आहे. उत्तरे वाईट असतील, तर नॉन-एसी खोलीत वाचलेले पैसे झोपेतून वसूल होतील.

२३/ शेवटी पुन्हा त्या दोरीकडे. पंखा ओढणारा दिसत नसे, कारण तो भिंतीपलीकडे होता. एसीची उष्णताही दिसत नाही, कारण तीही भिंतीपलीकडेच सोडलेली असते : मागच्या बोळात, शेजारच्या चुलीपाशी, नॉन-एसी खोलीच्या खिडकीखाली. दोरी ओढणाऱ्याचे हाल आणि यंत्राचा उष्ण झोत यांची तुलना होऊ शकत नाही. एक मनुष्य होता, दुसरे यंत्र आहे. परंतु एक गोष्ट दोन्ही काळांत समान आहे. खोलीतला गारवा नाहीशा केलेल्या उष्णतेतून येत नाही. तो दुसरीकडे ढकललेल्या उष्णतेतून येतो.

२४/ म्हणून पुढच्या वेळी एसीचे बटण दाबाल, तेव्हा ते जरूर दाबा; मात्र एकदा खोलीबाहेर जाऊन ते यंत्र कुणाच्या अंगावर फुंकर घालते आहे, तेही पाहून या. आणि एक विनंती. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील, तर ते मे महिन्यात कुठे निजत असत, हे त्यांना विचारा : खळ्यात, गच्चीवर, ओट्यावर की चाळीच्या गॅलरीत. उत्तर इथे खाली लिहा. गारव्याचा हा इतिहास अजून कुठल्याही दप्तरात नीट नोंदवला गेलेला नाही. तो बराचसा त्यांच्याच आठवणींत आहे.